सगळं खोटं असते हे माहीत असून आई ते का पाहते?

बिग बॉसचा सीझन सुरू झाला, हिंदी असो नाहीतर मराठी, की दोनतीन आठवड्यांत नागपुरात समुपदेशन करणाऱ्या माझ्याकडे एकाच छापाचे फोन यायला लागतात. आई संध्याकाळपासून तेच पाहते. बायको भाजी चिरताना मोबाईल मिक्सरला टेकवून रील्स पाहते. बाबांनी आयुष्यभर बातम्यांशिवाय काही लावलं नाही आणि आता कोण नॉमिनेट झालं यावरून अंबाझरीला सकाळच्या फिरण्यात मित्रांशी वाद घालतात. आणि प्रत्येक फोनमध्ये एक वाक्य ठरलेलं असतंच, "मॅडम, सगळं खोटं असते हो ते, स्क्रिप्टेड असते, एवढी शिकलेली माणसं, यांना समजत नाही का?"

समजतं. अगदी चांगलं समजतं. हे मी इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलंय की शेवटी वाटलं एकदा नीट लिहूनच काढावं, म्हणजे पुढच्या सीझनला लिंक पाठवता येईल. त्यासाठी एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

2024 चा पावसाळा. मराठी बिग बॉसचा पाचवा सीझन 28 जुलैला सुरू झालेला, सूत्रसंचालनाला महेश मांजरेकरांच्या जागी पहिल्यांदाच रितेश देशमुख, त्यामुळे चर्चा जरा जास्तच होती. त्यात एक मुलगा माझ्याकडे आला. मुलगा म्हणजे पस्तिशी ओलांडलेला, मिहानमध्ये नोकरी, मानेवाड्याला फ्लॅट, बायको नोकरी करते, छोटा मुलगा केजीत. धंतोलीतल्या माझ्या खोलीत बसल्याबसल्या त्यानं मोबाईल काढून एक स्क्रीनशॉट दाखवला. एका स्पर्धक मुलीच्या इन्स्टाग्रामवर त्याच्या आईनं कमेंट टाकलेली, चांगली पाचसहा ओळींची, शेवटी "तुझ्या आईबापाने हेच शिकवले का, मोठ्यांशी कसे बोलावे ते कळत नाही, एक दिवस तुलाही म्हातारपण येईल" वगैरे, त्यातले दोन शब्द तर मी इथे लिहू शकत नाही. शुद्धलेखन मात्र बिनचूक. आणि डीपीला नातवाचा फोटो! त्याच्या ऑफिसमधल्या कोणीतरी ते पाहिलं, ग्रुपवर टाकलं, आणि याला जेवायच्या सुट्टीत कळलं.

"मॅडम, माझी आई टीचर होती, तीस वर्षं मराठी शिकवलं तिनं. आमच्या घरी कोणी अबे म्हटलं तरी रागवायची. आणि आता हे. आम्ही तिला किती समजावलं की हे पैसे घेऊन भांडतात, कॅमेरा बंद झाला की एकत्र बसून जेवतात. तर म्हणते, माहीत आहे मला. आणि परत नऊ वाजता टीव्हीसमोर."

मी विचारलं, घरात अजून काय बदललंय? बाबा दीड वर्षापूर्वी गेले, हे त्यानं असं सांगितलं जसं आपण पत्ता सांगताना पिनकोड सांगतो. झोप? ठीक. जेवण, औषधं? ठीक. भजनी मंडळात जाते का? जाते, पण नऊच्या आत परत येते. म्हणजे आजार म्हणावा असं काही मला दिसत नव्हतं. मी म्हटलं, आईंना घेऊन या, पण टीव्ही सोडवायला नेतोय असं सांगून आणू नका.

काकू आल्या त्या तयारीनंच आल्या. हातात पर्स, नेसलेली कडक इस्त्रीची साडी, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "तुम्ही मला सांगणार असाल की ते खोटं असते, तर मॅडम माझे आणि तुमचे दोघींचे पैसे वाचवा. तीस वर्षं पोट्टे शिकवले मी. कोण खोटं रडून राहिलं ते मला दारातूनच समजते."

मला त्या तिथंच आवडल्या. मी म्हटलं, नाही सांगणार, उलट तुम्हीच मला सांगा ते कसं खोटं असतं, मी फार पाहत नाही. आणि मग काकूंनी जवळजवळ अर्धा तास माझी शिकवणी घेतली. घरात घड्याळ ठेवत नाहीत. फोन नाही, पेपर नाही, पुस्तक नाही. गाणं वाजलं की उठायचं. राशन मुद्दाम कमी. एकमेकांशी पटणार नाही अशीच माणसं शोधून आणायची, आणि मग त्यांनाच एकमेकांची नावं घ्यायला लावायची की याला बाहेर काढा. "आमच्या स्टाफरूमला असं आठ दिवस कोंडलं असतं न, तर आमच्या हेडमास्तरीणबाई पण भांडी फेकून मारतीन." आणि चोवीस तासातलं दाखवतात किती, तर तासभर. त्यात पण एकजण बोलतेय आणि दुसरीचं तोंड वाकडं झालेलं दाखवतात, ते तोंड तिनं तेव्हाच वाकडं केलं होतं की सकाळी दात दुखत होता म्हणून, कोणाला माहीत?

ही शेवटची गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोक्यानं ओळखली होती याचं मला कौतुक वाटलं, कारण शंभर वर्षांपूर्वी कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकानं हेच करून दाखवलं होतं, एकच कोरा चेहरा, त्याच्यापुढे कधी सूपाची थाळी जोडली कधी शवपेटी, आणि लोकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली कधी दुःख. मी सांगितलं तर म्हणाल्या, "मग? तेच तर."

तर असं हे. फोन करणाऱ्या सगळ्या मुलांनो, सुनांनो, नवऱ्यांनो, पाहणाऱ्याला सगळं माहीत असतं. 1999 मध्ये हॉलंडला हा प्रकार सुरू झाला, आपल्याकडे हिंदीत 2006 ला आला, मराठीत 2018 ला. एवढ्या वर्षांत हे खोटं असतं हे कळलं नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. तुम्ही जे सिद्ध करायला धडपडताय ते समोरच्यानं केव्हाच मान्य केलेलं आहे. आणि खरं सांगू का, सगळंच काही लिहून दिलेलं नसतं. भांडायला भाग पाडणारी परिस्थिती बनवलेली असते, पण भांडण झालं की येणारा राग बऱ्याचदा खराच असतो. अशी खोटी परिस्थिती आणि त्यातला खरा राग. घरात जुनं काही साचलेल्या माणसाला याच्याइतकं ओढून घेणारं दुसरं काही नाही.

पोळ्याच्या आसपास काकूंची पुढची भेट होती. त्या दिवशी रस्त्यावर मारबतीच्या मिरवणुकीची तयारी चालू होती म्हणून त्या उशिरा आल्या, आणि आमचं बोलणं तिथूनच सुरू झालं. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, बांबू-कागदाच्या मोठ्या थोरल्या बायका, सोबत बडगे, त्यावर त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला ते सगळं लिहिलेलं, महागाई, भ्रष्टाचार, अमुक पुढारी, तमुक देश. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत हजारो लोक ओरडतात आणि शेवटी जाळतात. एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. त्या गर्दीत उभं राहून कोणी म्हणतं का, अहो ही खरी बाई नाही, कागद आहे? म्हणत नाही, कारण ओरडायचं असतं ते आपलं आपल्यासाठी.

मी काकूंना म्हटलं, तुमची ती स्पर्धक मुलगी म्हणजे तुमची मारबत आहे का?

काकू हसल्या. मग म्हणाल्या, "पण मारबत जाळतात मॅडम. ही परत येते. उद्या नऊ वाजता."

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात रिअॅलिटी शोबद्दल ऐकलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे, आणि ते कुठल्या मानसशास्त्राच्या पुस्तकातून नाही आलं. मिरवणूक एका दिवसाची असते म्हणून काम करते. इथे राग रोज थोडा उकरायचा आणि शेवटी अर्धवट ठेवायचा, कारण उद्या परत तुम्ही यायला पाहिजे. धंदाच तो आहे.

पण मग त्या कोणावर ओरडत होत्या? इथे मी एक प्रश्न विचारते, तो मी जवळजवळ सगळ्यांनाच विचारते आणि आजवर तो वाया गेल्याचं मला आठवत नाही. मी विचारलं, काकू, समजा आठवड्यातला एकच भाग पाहता येणार असेल तर कुठला पाहाल?

एका सेकंदात उत्तर. "भाऊचा धक्का. शनिवारचा."

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाचव्या सीझनमध्ये शनिवार-रविवारी रितेश येऊन आठवड्याचा हिशेब घ्यायचा त्याला हे नाव होतं, आधी मांजरेकर घ्यायचे तेव्हा सुरुवातीच्या सीझनमध्ये तो विकेंडचा डाव होता. आणि खाली काकू ज्या वर्षाताई म्हणतात त्या अभिनेत्री वर्षा उसगावकर, त्या सीझनमधल्या स्पर्धक.)

"शनिवारीच काऊन?"

"हिशेब होते न त्या दिवशी. कोण काय बोललं ते काढून दाखवता येते. मग तो माणूस मी असं बोललोच नाही म्हणू शकत नाही. वर्षाताईंना ती पोरगी बोलली, तर भाऊनं सगळ्यांसमोर विचारलं न तिला. सगळ्यांसमोर! एकट्यात नाही, नंतर नाही, तिथंच." आणि मग बोलता बोलता आवाज खाली गेला. "आमच्या घरी कॅमेरा असता न मॅडम..."

मी काही बोलले नाही. आमच्या धंद्यात अर्धं कौशल्य हेच असतं, तोंड बंद ठेवण्याचं, आणि ते शिकायला मला फार वेळ लागला नाही कारण स्वभावानंच मी ऐकणारी आहे.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट निघाली. नागपूरच्या महाल भागात वाडा, खाली हे, वर मोठे दीर आणि जाऊ. सासूबाईंना लकवा मारला आणि त्या सव्वा वर्ष पलंगाला खिळून होत्या. काकूंची शाळा सकाळची. चारला उठून सासूबाईंचं सगळं करायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायची, पावडर लावायची, भरवायचं, मग डबे, मग शाळा, दुपारी येऊन परत तेच. सासूबाई गेल्या. तेरवीला सगळे नातेवाईक जमलेले, पंगत बसलेली, आणि जाऊबाई वाढता वाढता कोणाला तरी म्हणाल्या, मी होते म्हणून आईंचं निभावलं बापा, हिला तर नोकरी होती. काकूंच्या हातात वरणाचं भांडं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो समोरच्या पाहुण्याला अजून एक पोळी घ्या म्हणून आग्रह करत होता.

"ऐकलं होतं त्यांनी. मी पाहिलं न, ऐकलं होतं. रात्री म्हटलं त्यांना, तर म्हणते कसे, जाऊ दे न, सगळ्यांना माहीत आहे. अहो सगळ्यांना माहीत आहे तर एकानं पण तोंड काऊन नाही उघडलं? मले काय बक्षीस पाहिजे होतं का? एक वाक्य पाहिजे होतं."

आणि तो माणूस आता गेला, म्हणजे ते वाक्य बोलू शकणारा शेवटचा साक्षीदार पण गेला. दीड वर्षापूर्वी. टीव्ही वाढला तो तेव्हापासून, हे मुलानं मला पिनकोडसारखं सांगितलेलंच होतं. शिव ठाकरे आपला अमरावतीचा पोट्टा म्हणून 2019 ला त्याला त्यांनी व्होट केलं होतं, पण तेव्हा तो नुसता टाइमपास होता, असं त्या स्वतःच म्हणाल्या. आता तसं नव्हतं. ती कमेंट पडली इन्स्टाग्रामवर, पण पत्ता महालच्या वाड्याचा होता.

आता मी काय केलं ते सांगते, कारण लोकांना वाटतं समुपदेशक काहीतरी मोठी जादू करतो. मी मुलाला बोलावलं. सून पण येते म्हणाली, मी म्हटलं यावेळी नको. आणि काकूंना म्हटलं, मला सांगितलं ते याला सांगा, जसंच्या तसं, भाषा सौम्य करू नका.

त्यांनी सांगितलं. मुलाकडे न बघता, पर्सच्या चेनशी खेळत. तेरवीचं आलं तेव्हा मुलगा मध्येच म्हणाला,

"मला आठवते न आई."

"तुला काय आठवते, तू अकरा वर्षांचा होता."

"बादली कोण धरायचं? मी धरायचो. तू आजीची पाठ पुसायची आणि मी गरम पाणी आणून द्यायचो, डेटॉल टाकून. एकदा सांडलं माझ्याकडून तर तू ओरडली होती आणि आजीनं तिच्या चांगल्या हातानं मला जवळ ओढलं होतं. मोठी आई यायची न, नाही असं नाही, पण दुपारी यायची, पाच मिनिटं बसायची, आजीचा हात धरायची आणि वर जायची."

काकूंनी वर पाहिलं. मला वाटलं होतं आता रडतील. त्या चिडल्या! "तुले आठवते? मग एवढे वर्षं बोलला काऊन नाही?"

"तू कधी विचारलंच नाही. आणि बाबा म्हणायचे न, मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नको."

मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. खाली धंतोलीच्या रस्त्यावर कोणाचा तरी हॉर्न अडकला होता तो वाजत राहिला. काकू एकदम म्हणाल्या, "म्हणजे फुटेज घरातच होतं. कोणी लावलंच नाही." आणि मग मात्र रडल्या, आणि मुलगा उठून त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसला, हे मी त्याला सुचवलं नव्हतं.

मला त्या दिवशी जे उमगलं ते मी त्यानंतर कितीतरी केसेसमध्ये वापरलंय. लोक या शोकडे भांडणासाठी जातात असं आपण समजतो. भांडण तर फुकट मिळतं, घरी पण, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण. जे मिळत नाही ते भांडणानंतरचं. कोणीतरी तुम्हाला एका खोलीत एकट्याला बसवून विचारणं की तुला काय वाटलं. कोणीतरी शनिवारी पुराव्यासकट सगळ्यांसमोर म्हणणं की ही बरोबर होती, तू चुकलास. आपल्या घरांमध्ये भांडणं मिटत नाहीत, ती जेवणाच्या वेळी थांबतात. जाऊ दे, विसर, मोठ्या मनानं घे, आणि बहुतेक वेळा हे मोठं मन घरातल्या एकाच बाईकडून मागितलं जातं. एडिटिंग फक्त टीव्हीवाले करतात असं थोडीच आहे. सव्वा वर्षाची सेवा कापून तेरवीतलं एक वाक्य ठेवणं, हे पण एडिटिंगच होतं, आणि ते घरच्यांनीच केलं.

पण इथे थांबले असते तर काम अर्धं राहिलं असतं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करणारी, कि. मो. फडके सरांनी ती मराठीत आणली त्या परंपरेतली, आणि आमच्याकडे मन मोकळं झालं की घरी जा असं नसतं. साक्षीदार मिळाला, छान. पण काकूंच्या आत अजून एक मागणी बसलेली होती की जावेनं कबूल करायलाच पाहिजे, त्याशिवाय मला चैन पडता कामा नये. इच्छा असणं वेगळं. मागणी माणसाला बांधून ठेवते, कारण ती पुरी करणं दुसऱ्याच्या हातात असतं. पुढच्या काही भेटी आम्ही त्याच्यावरच घालवल्या, त्यातलं एवढंच सांगते.

"समजा मोठ्या जाऊबाई उद्या आल्या आणि म्हणाल्या, चुकलं माझं, सगळं तूच केलंस."

"येणार नाही ती."

"समजा हो."

"मग म्हणीन, एवढे वर्षं लागले का तुम्हाला?"

"मग?"

विचार करून, "मग काय, चहा टाकीन."

"आणि आल्या, पण कबूल नाही केलं तर?"

इथे काकू बराच वेळ गप्प होत्या, आणि मग स्वतःशीच हसायला लागल्या. "तरी चहा तर टाकाच लागते न."

म्हणजे पंचवीस वर्षं ज्या कबुलीसाठी त्या अडून बसल्या होत्या ती मिळाली काय आणि न मिळाली काय, पुढचा कप तोच होता. हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मला पण शिकवणी दिली असती. त्यांचं त्यांनी पाहिलं. जावेला माफ वगैरे केलं नाही, मी पण ते सुचवलं नाही, माफी ही काही घराघरात वाटायची गोष्ट नाही. अजूनही लग्नकार्यात भेटल्या की दोघी एकमेकींच्या साडीची चौकशी करून वेगळ्या पंगतीला बसतात.

कमेंटचं राहिलं. ते मी सोडणार नव्हते, कारण बाकी सगळं बनवलेलं असलं तरी ज्याच्यावर आपण थुंकतो तो माणूस खरा असतो. मी एवढंच म्हटलं, ती आत आहे तोवर तिच्याकडे फोन नाही, बाहेर आली की हे सगळं एका बैठकीत वाचणार, हजारो, त्यात एक तुमची. काकू म्हणाल्या, "वर्गात असं कोणी लिहिलं असतं फळ्यावर तर मी पुसायला लावलं असतं." मुलाला विचारून कमेंट कशी डिलीट करायची ते शिकल्या. डीपी पण बदलला, आता तुळशीचं रोप आहे.

टीव्ही मात्र बंद झाला नाही. 6 ऑक्टोबरचा शेवटचा भाग सासूसुनेनं मिळून पाहिला, सूरज चव्हाण जिंकला तेव्हा काकूंना फार आनंद झाला म्हणे, बारामती तालुक्यातल्या खेड्यातला, शाळा धड न झालेला मुलगा, "माझ्या मागच्या बेंचवरचा पोट्टा जिंकला" असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. मुलानं विचारलं, मॅडम मग फायदा काय झाला? मी म्हटलं, भजनी मंडळातून आता किती वाजता येते? म्हणाला, साडेनऊ, कधी दहा.

आता तुमच्या घरचं. प्रत्येक घरात जाऊबाई असतीलच असं नाही, म्हणून पाहणारा कुठला भाग चुकवत नाही हा प्रश्न विचारायला सांगते. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका फक्त स्वयंपाकघरातले सीन पाहायचे, पोळ्या कोण लाटणार, दूध कोणी जास्त घेतलं. अजनीच्या क्वार्टरमध्ये सहा जणांचं घर होतं, आता एकटे. त्यांना भांडणात काही रस नव्हता, त्यांना गलका पाहिजे होता. त्यांचा उपाय मुलाच्या फोनमध्ये होता, रोज रात्री व्हिडिओ कॉल चालू ठेवून तिकडे स्वयंपाक चाललेला दिसू दे, बोललंच पाहिजे असं नाही. टीव्हीतली माणसं आपली वाटायला लागतात याबद्दल हॉर्टन आणि व्होल या दोघा अभ्यासकांनी 1956 मध्येच लिहून ठेवलंय, तेव्हा तर टीव्ही नवा होता. एकतर्फी ओळख असते ती, पण एकट्या माणसाला तेवढी पण पुरते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

कॉलेजच्या पोरांची तऱ्हा निराळी, आणि त्यांची मला जास्त काळजी वाटते. त्रिमूर्तीनगरची एक मुलगी आईला वाट्टेल ते बोलायची आणि वर म्हणायची, मी रिअल आहे, तोंडावर बोलते, मागून बोलत नाही. हे वाक्य कुठून आलं ते सांगायला नको. या शोंनी एक वाईट खोड लावली, जो ओरडतो तो खरा आणि जो सांभाळून घेतो तो फेक. अशा वेळी मी मुलांना नैतिकतेचं काही सांगत नाही, मी त्यांना आवाज बंद करून पाच मिनिटं एक भांडण पाहायला लावते आणि मग विचारते कॅमेरा किती वेळा बदलला, कोणाचा चेहरा कितीदा दाखवला, आणि हे दाखवायचं कोणी ठरवलं. पोरं हुशार असतात, दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

आणि लहान मुलांना गाण्याच्या, नाचाच्या शोमध्ये पाठवू का विचारणारे आईबाप. 2008-09 चे मराठी लिटिल चॅम्प्स पाहून वाढलेली पिढी आता स्वतः आईबाप झालीय, त्यामुळे हा प्रश्न वाढतच चाललाय. कार्तिकी, मुग्धा सगळ्यांना आठवतात, ऑडिशनच्या रांगेतून परत गेलेली मुलं कोणालाच आठवत नाहीत. बालहक्क आयोगानं 2011 मध्ये मुलांना शोमध्ये घेण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, 2019 मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला चॅनेलवाल्यांना सांगावं लागलं की नाचाच्या शोमध्ये मुलांकडून मोठ्यांसारखे हावभाव करून घेऊ नका. म्हणजे काहीतरी खुपण्यासारखं होतंच. मी एकच विचारते, परीक्षकानं सगळ्यांसमोर वाईट म्हटलं तर घरी येताना गाडीत तुम्ही मुलाशी काय बोलाल? जे आईबाप याचं उत्तर पटकन देतात त्यांनी खुशाल पाठवावं.

झोप उडाली, औषधं चुकायला लागली, व्होटिंगच्या नादात पैसे जायला लागले, बाहेर जाणं, माणसं भेटणं पूर्ण बंद झालं, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, तो विषय टीव्हीचा नसतो, टीव्ही तिथे फक्त दिसत असतो. बाकी रिमोट लपवणं, वायफाय बंद करणं, नातवाच्या परीक्षेचं कारण काढणं, हे उद्योग करू नका, साठ वर्षांच्या माणसाला ते कळतं आणि लागतं.

यावर पुढचा प्रश्न नेहमी असा येतो, मॅडम मग आम्ही पण बसून ते पाहायचं का? हो. एक आठवडा. फोन बाजूला ठेवून, टोमणे न मारता, आणि मध्ये फक्त एवढं विचारा की तू तिथे असतीस तर काय केलं असतंस. शनिवारपासून सुरू करा, त्या दिवशी आठवडाभराची भांडणं परत निघतात, नाहीतर बुधवारी मधूनच बसाल तर कोण कोणावर काऊन चिडून राहिलं तेच समजणार नाही आणि पंधरा मिनिटांत तुम्हीच उठून जाल.